व्याह्यांना मी काय सांगितलं

हे आमच्या हिलाही ठाऊक नाही. मी चोरून खाल्लेला पेढासुद्धा तिला कळतो — हे मात्र नाही. आज तुम्हाला सांगतोय.

तुम्ही मला पाहिलंत तर चांगलाच माणूस म्हणाल. अकाउंटंट म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यापासून एका मोठ्या हॉस्पिटलात मदतीच्या टेबलावर बसायला लागलो. बाहेरगावचे पेशंट येतात. त्यांचे फॉर्म भरून द्यायचे, एक्स-रे कुठे, रक्त कुठे तपासतात ते सांगायचं. फुकट. दुपारी बिबवेवाडीला घरी यायचं, नातीला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं, दहीभात भरवायचा. सोसायटीतले लोक कौतुक करतात. मी 'छे हो' म्हणतो — आणि ऐकत राहतो. आवडतं मला. का नाही आवडणार?

मग देवराव आले. सुनेचे वडील, वर्ध्याकडचे, निवृत्त शाळामास्तर. बायको गेली, एकटे पडले, म्हणून मृणालने — आमच्या सुनेने — हट्टाने इकडे आणलं. स्टेशनवर घ्यायला मीच गेलो होतो. मनापासून गेलो होतो, हे खरं.

मुलीच्या घरी राहायचं याचाच त्यांना संकोच. जुन्या वळणाचा माणूस; दुसरा चहासुद्धा मागायचे नाहीत. पण सईने, आमच्या सहा वर्षांच्या नातीने, आठ दिवसांत त्यांना खिशात घातलं. की त्यांनी तिला? जमिनीवर मांडी घालून बसायचे, पक्ष्यांचे आवाज काढायचे. एक दिवस मी दहीभाताची वाटी घेऊन गेलो तर म्हणाली, "तू नको. आबाजी."

एवढंच हो. सत्तरीला आलेल्या माणसाच्या अंगाचा तेवढ्यावर तिळपापड व्हावा?

झाला.

मग ही म्हणाली, त्यांनाही हॉस्पिटलात न्या, मन रमेल. नेलं. पेशंट माझ्यासमोर कागद घेऊन उभे राहायचे, त्यांच्यासमोर बसायचे. त्यांच्याच भागातली एक बाई तर त्यांची बोली ऐकून रडलीच. नर्सबाई मला विचारायच्या, "काका, तुमचे व्याही उद्या येणार ना?" मी येणार का, हे कोणी विचारलं नाही. घरी आलो की ही सुरू — "किती गोड बोलतात बघा. शिका जरा."

शिकलो ना.

त्या दुपारी आम्ही स्वारगेटला बसची वाट बघत उभे होतो. त्यांच्या हातात सईसाठी घेतलेले पेरू होते. मी म्हणालो — अगदी हळू, काळजी असल्यासारखं — "मनावर घेऊ नका. मृणाल तुम्हाला तोंडावर म्हणायची नाही. पण अवघडतंय तिला. वडील मुलीकडे किती दिवस राहणार, असं लोक विचारतात म्हणे."

मृणाल असं काही बोलली नव्हती. एक अक्षर नाही. उलट गॅलरी बंद करून घेऊन वडिलांना खोली करायची, असं तिच्या मनात होतं — आणि ते मला माहीत होतं.

आणखी एक माहीत होतं. हा माणूस मुलीला याबद्दल कधी विचारणार नाही. नेमकं तिथेच बोट ठेवलं मी. रागाच्या भरात तोंडातून गेलं म्हणावं, तर तसंही नाही — दोन दिवस मनात वाक्य जुळवत होतो.

त्यांनी काय करावं? माझे आभार मानले. "बरं केलं जी, सांगितलं. पोरगी बापाले कशी सांगन?" मग बस येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

चार दिवसांत गेले. घर बंद राहिलं की वाळवी लागते, म्हणाले. मृणाल रडली. निखिल, माझा मुलगा, खराडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून त्यांना सोडून आला. दुसऱ्या दिवशी सईला दहीभात मी भरवला. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला — पण बरं वाटलं.

मृणाल दर रविवारी फोन करायची, "या ना बाबा" म्हणायची. ते 'बघू' म्हणायचे. वर्षभराने तिने म्हणणं सोडलं. तिला वाटलं, बापाला आपण नको. त्यांना वाटलं, लेकीला आपण. आणि मी तिथेच शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलेला असायचो. एका फोनवर सगळं मिटलं असतं. एका.

गेल्या हिवाळ्यात देवराव गेले. घरात एकटेच होते. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

तेरावा करून आल्यावर मृणाल माझ्याजवळ येऊन बसली. "बाबांना माझ्याकडे करमलंच नाही. तुम्ही तरी आहात." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा तरी सांगायचं होतं की नाही? नाही सांगितलं. ती पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली नसती, याची भीती. एवढीच. भेकड माणूस मी.

परवा जेवताना सईने आईला विचारलं, आबाजी इथून का गेले होते? मृणाल ताटाकडे बघत म्हणाली, "त्यांना त्यांचं गाव आपल्यापेक्षा जास्त आवडायचं." सईला ते पटलं नाही. ती माझ्याकडे वळली. "खरंच, आजोबा?"

मी हो म्हणालो.