सुंभाची गाठ

धोंडू राऊळला तिरडी बांधता यायची. त्यापलीकडे त्याला विशेष काही येत नव्हतं, आणि मला तिरडी सोडून सगळं येत होतं. एवढ्यावरून तो माझ्यापुढे गेला, हे मी अजूनही मान्य करायला तयार नाही.

आम्ही दोघं मालवणकडचे. पासष्ट सालापासून घाटकोपरला भटवाडीत एकाच चाळीत आणि आग्रा रोडवरच्या पंख्यांच्या एकाच कारखान्यात. मी मॅट्रिक, तो चौथी. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन सुपरवायझरचा डिप्लोमा केला, फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगला. माणसांकडून काम कसं करून घ्यावं यावरची दोन इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. धोंडू भजनात शेवटच्या ओळीत बसून टाळ वाजवायचा, तोही चुकत.

पण वाडीत कुणाकडे काही वाईट झालं की पहिली हाक एकच: "धोंडूला बोलवा रे!" कामावर असला तर तो अर्धी पाळी टाकून यायचा. सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, बादलीत भिजत घालायचा आणि उकिडवा बसून दोन बांबूंवर आडव्या कामट्या बांधत जायचा. झालं की घरातल्या बायकांना चहा द्यायला कुणाला तरी सांगायचा आणि खांदा द्यायला पुढे. मी बाजूला उभा राहून बघत असे. शिकायला नव्हे, कुठे चुकतोय ते बघायला.

सदुसष्टला चार्जहँडची, म्हणजे लाइनवरच्या मुकादमाची, जागा निघाली. माझीच होती ती, सगळे म्हणत होते. निदान मी तरी म्हणत होतो. मिळाली धोंडूला. मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. दस्तूर नावाचा पारशी होता.

"साहेब, हा माणूस महिन्यातून दोनदा मयताला पळतो."

"पेडणेकर," तो म्हणाला, "तू लाइनवर आला की माणस गप होते. तो आला की काम करते. दिवाळीला ऑर्डर अडली तवा राऊळने सांगितला तर तीस माणस थांबला. तू सांगितला तर किती थांबेल?"

याचं उत्तर माझ्या दोन्ही पुस्तकांत नव्हतं. घरी येऊन जेवलो नाही. बायको, सुगंधा, म्हणाली, "पोटात दुखतंय ना? ओवा देऊ?"

एकोणसत्तरला माझे वडील गेले. मी ठरवलं, काही झालं तरी धोंडूला बोलवायचं नाही. मी आणि माझा मेहुणा शिवदास, दोघं बसलो बांबू घेऊन. दोरी भिजवणं मला धोंडूचं थोतांड वाटायचं, म्हणून सुकीच घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उचलून बघायला गेलो तर कामट्या सरकल्या आणि तिरडी वाकडी झाली. चाळीस माणसं बघत होती. गॅलरीच्या टोकाला धोंडू उभा होता, हातात पाण्याची बादली. केव्हाचा उभा होता देव जाणे.

"जयवंता, सोड. माका दी," तो हळूच म्हणाला. "सुकी दोरी धरणा नाय रे. भिजवून बांधूची, मगे ती सुकताना आवळता."

मी दिली. दुसऱ्या कुणाला उपकार वाटले असते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मग आली त्र्याहत्तरची म्युनिसिपालटीची निवडणूक. वाडीने आपला माणूस अपक्ष उभा करायचं ठरवलं आणि गणपतीच्या मैदानात सभा भरली. दहा जागी अर्ज करून चाळीत नळ आणला तो मी, चाळ कमिटीचा सेक्रेटरी मी. इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसलो होतो. मागून कुणीतरी धोंडूचं नाव घेतलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि बोललो, "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा नगरसेवक हवाय तुम्हाला?"

धोंडू जमिनीकडे बघत म्हणाला, "जयवंत म्हणता ता बरोबर असात. माका दुसरा काय येता?"

निवडून आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा. "अर्ज तूच लिही रे. माका लिहूक येणा नाय." जणू मैदानात काही घडलंच नव्हतं! तीन वर्षं मी अर्ज लिहिले, त्याने सह्या केल्या. गटार झालं, दिवे आले, पाटीवर नाव त्याचं. का लिहिले? निदान दिवा लागला की मला ठाऊक असायचं, तो कुणाच्या इंग्रजीने लागलाय.

शहात्तरच्या मार्चमध्ये धोंडू वॉर्ड ऑफिसच्या जिन्यातच बसला, तो उठला नाही. सकाळी दहाला त्याला घरी आणलं. वाडी लोटली. बांबू आले, चारजण बांधायला बसले, कुणाचीच गाठ बसेना. तेवढ्यात मागून कुणीतरी सवयीने ओरडलं, "अरे, धोंडूला बोलवा रे!"

कुणी हसलं नाही. आत धोंडूच्या बायकोचं, मथुरावहिनींचं, रडणं क्षणभर थांबलं.

मी पुढे झालो. "बादली आणा," म्हटलं. सुंभ भिजवला, उकिडवा बसलो आणि हात आपोआप चालायला लागले. अकरा वर्षं त्याची चूक शोधत होतो. एकही सापडली नाही, पण एकूण एक गाठ मात्र पाठ झाली होती. वहिनी उंबऱ्यात येऊन बघत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांचोच हात दिसता."

मला रडू आलं आणि रागही आला. मेल्यावरसुद्धा माझ्या कामावर नाव त्याचंच! अंत्ययात्रा एवढी लांब की आग्रा रोडवर बसगाड्या खोळंबल्या. खांद्यावर तो होता आणि माझ्या मनात एकच, माझ्यामागे एवढे येतील का? घरी येऊन सुगंधाला हे सांगितलं, तर डोळे पुसत म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुमचा."

आता वाडीत काही झालं की "पेडणेकरांना बोलवा" अशी हाक येते. मीही अर्धी पाळी टाकून जातो. चार्जहँड अजून झालो नाही. हाक आली की बरं वाटतं, हे मात्र कबूल करतो. फक्त सुंभ भिजेपर्यंत मी मान वर करून बाजूला उभ्या असलेल्यांकडे बघून घेतो. सगळे हळहळत असतात, घड्याळ बघत असतात. उद्या माझी बांधायची तर माझा इतका हेवा करणारा एकतरी माणूस हवा, आणि तसा अजून कुणी दिसत नाही.