रेघेच्या वर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही.

कोणी खडू उचलला की आबा पाठ फिरवायचे. देवपुरात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या भिंतीवर एक फळा. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. फळ्यावर रंगाने मारलेली आडवी रेघ. रेघेच्या वर आबा स्वतः लिहीत, नळाला पाणी कधी येणार एवढंच. खाली कोणीही काहीही लिहावं, नाव न घालता. गटार तुंबलंय, शेळी हरवलीय, रेशनवाला साखर देत नाही. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या बायाही लिहून जात. कोण लिहितंय ते आबांना बघायचंच नसे. रस्त्याकडे तोंड करून ते पंक्चर शोधत राहायचे.

फक्त पक्षाचं काही दिसलं की ओल्या फडक्याने पुसून टाकत. दोन्हीकडचे कार्यकर्ते चिडत. "आबा, तुम्ही नेमके कुणाचे?"

"मी सायकलीसना. फळा बठ्ठासना शे." ते सायकलींचे आणि फळा सगळ्यांचा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी तेव्हा शाळेत शिकवत होतो आणि पालिकेच्या निवडणुकीत एका पक्षासाठी फिरत होतो. नगरसेवकाच्या गल्लीत रोज पाणी, आमच्याकडे रिकाम्या बादल्या. मी आबांशी भांडलो. "अशा वेळी गप्प राहणं म्हणजे त्याचीच बाजू घेणं."

"गप कोठे शे? पानी ऊनं नही, असं लिख ना भाऊ. कोनामुळे, ते वाचनाराले समजस."

"आणि 'पाणी आलं नाही' एवढ्यावरून नाही समजलं तर?"

"मंग भाषन कर. मैदान मोकळं शे."

माझं म्हणणं अगदीच चूक होतं, असं मला आजही वाटत नाही. पण मी जे केलं, ते वेगळंच.

एका दुपारी सायकल भिंतीला लावून मी खडू उचलला. आबांनी नेहमीसारखी पाठ फिरवली. मी रेघेच्या वर लिहिलं, 'नगरसेवकाने आपलं पाणी विकलं. त्याला मत देऊ नका.' आबांसारख्याच जाड अक्षरात. रेघेवरचं लोक खरं मानत, म्हणून. पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता.

संध्याकाळी नगरसेवकाची माणसं आली. "कोणी लिहिलं हे?"

"मनी पाठ व्हती." त्यांची पाठ होती, हे खरंच होतं.

"रेघेवर तर तुम्हीच लिहिता!"

आबांनी गर्दीकडे पाहिलं. मी तिथेच होतो, हात खिशात घालून.

"फळा मना शे," ते म्हणाले. "मनंच समजा." माझी ओळ त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली.

कोणी हात उगारला नाही. आबांना डोक्यावरची टोपी काढायला लावली आणि त्या टोपीनेच ती ओळ पुसायला लावली. मी बघत राहिलो.

त्यानंतर बाया फळ्याकडे फिरकल्या नाहीत. आबाही एका बाजूचे निघाले, असं गल्ली म्हणाली. पाण्याची वेळसुद्धा लोक शेजारी विचारून घेऊ लागले.

पुढे एकदा मी मान खाली घालून सायकलने दुकानावरून चाललो होतो. "थांब भाऊ." आबांनी न विचारता चेनला तेल सोडलं. "लई कुरकुर करस तुनी चेन. पाठ फिरेल मानूसले बी ऐकू येस." म्हणजे त्या दुपारी पाठ फिरवूनही त्यांनी मला चेनवरून ओळखलं होतं.

मी "हो" म्हणालो आणि निघालो.

आबा नंतर मुलीकडे साक्रीला गेले, तिथेच वारले. तेव्हाही मी गेलो नाही. देवपुरातल्या त्या भिंतीवर आता फळ्याचे खिळे तेवढे आहेत.

त्यांची मुलगी साक्रीलाच असते. ती ओळ तुझ्या वडिलांनी लिहिली नव्हती, मी लिहिली होती, हे तिच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडे बाकी आहे.