शनिवारची खारी

वरच्या मजल्यावरचे काका झाडांना पाणी घालतात की खालच्या आम्हा सगळ्यांना, हे विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीला अजून ठरवता आलेलं नाही. आज सकाळी त्यांच्या मोगऱ्याचं पाणी थेट आमच्या गॅलरीतल्या वर्तमानपत्रावर आलं. तो भिजलेला गोळा उचलून मी पानं सुटी करू लागले आणि ओल्या कागदाचा वास आला. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मला मात्र हात थांबवावा लागला, कारण माझी उमेदीची सगळी वर्षं त्या वासात गेली आहेत.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला बियाणं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथे लागले तेव्हा मी पंचविशीचीही नव्हते. बी उगवतं का आणि किती उगवतं, एवढंच पाहायचं काम. ओल्या जाड कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, तिला चिठ्ठी लावायची आणि उबदार कपाटात उभी करून ठेवायची. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनंच लिहायचं, शाई पाण्यानं पसरते. ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडली की आत पांढरेशुभ्र कोंब दिसत, आणि दरवेळी मला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा आनंद होई. वडील कारखान्यात कामगार होते. अहवालाखाली सही करणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे त्या सहीचं अप्रूप माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

आमच्या प्रमुखांना सगळे सर म्हणत. मी जी काही घडले ती त्यांच्या हाताखाली, हे मला आजही नाकारता येत नाही, आणि तेच जास्त टोचतं. त्यांनी एक पद्धत पाडली होती. शनिवारी चारच्या चहाला सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, आणि आठवड्यात ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्यानं ते सगळ्यांसमोर सांगून खारी आणायची. "उद्या तुम्हाला ही माणसं सांभाळायची आहेत," ते मला म्हणायचे. "आधी चूक सांगायला शिका, मग हुकूम सोडायला." मला हे जड गेलं नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, की वडील माझ्याकडे हमखास एक कटाक्ष टाकत. त्या दोघांच्या सांगण्यात मला कधी फरकच दिसला नाही.

भाजीपाल्याच्या बियाण्यांचा विभाग माझ्याकडे द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच सुमाराला माझ्या हातून कांद्याच्या दोन लॉटच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडली तर गुलाबी औषध लावलेलं बी बिनऔषधाच्या लॉटच्या चिठ्ठीखाली. मी दोन्ही चाचण्या पहिल्यापासून केल्या. अहवाल उशिरा गेला, पण चुकीचा गेला नाही. शनिवारी मी खारीचा पुडा फोडला, सगळं सांगितलं, आणि सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं मला किती कौतुक वाटलं होतं! आता आठवलं की अंगाची लाही होते.

तीन आठवड्यांनी वेगळ्याच एका लॉटची तक्रार आली. बी शेतात उगवलंच नव्हतं. तो अहवाल सरांचा होता. शेवटची मोजणी व्हायच्या आत त्यांनी घाईनं सही करून टाकली होती, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. संचालकांनी बैठक बोलावली. सरांनी चष्मा पुसला आणि ते शांतपणे म्हणाले, "चिठ्ठ्यांची अदलाबदल होते आमच्याकडे. मॅडमनी स्वतःच कबूल केलंय." शनिवारच्या टेबलावरची चार माणसं समोर बसली होती. चौघांनी माना खाली घातल्या. मी बोलू लागले, तर संचालकांनी हात वर करून मला थांबवलं.

बैठकीनंतर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तो लॉट तुमच्या सहीनं गेलाय."

"असेल. पण चिठ्ठ्या बदलल्याचं तुम्हीच सांगितलंत ना? मी काय पदरचं घातलं?"

विभाग दुसऱ्याला मिळाला. मला पुढची दोन वर्षं नमुने जमा करून घ्यायच्या खिडकीत बसवलं. चहा करणाऱ्या, लोणी गावाहून येणाऱ्या मावशी तिथे माझा कप आणून ठेवत. एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, आमाला समदं म्हाईत हाय. पर बोलनार कोन?" त्या दोन वर्षांत एकही माणूस माझ्याशी याहून खरं बोलला नाही. खिडकीत मी चिवटपणा शिकले असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी रोज वेळेवर जात होते, कारण न जाणं म्हणजे सरांचं म्हणणं मान्य करणं झालं असतं. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना हार मीच घातला. फोटोत मी हसते आहे. तो फोटो मला बघवत नाही.

आता प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. शनिवारचा चहा मी त्या खुर्चीत आल्या आल्या बंद केला. त्यानंतर वर्षभर कुणाच्याही हातून काही चुकलं नाही, म्हणजे मला कुणी काही सांगितलं नाही. मग गेल्या महिन्यात एक सहकारी, चाळिशी उलटलेला, हातचं काम नेटकं असलेला माणूस, समोर येऊन उभा राहिला. "मॅडम, परवाच्या मिरचीच्या गुंडाळ्या माझ्याकडून कोरड्या पडल्या. परत लावल्यात. पण म्हटलं, तुमच्या कानावर घालावं." माझ्या टेबलावर त्याच वेळी मिरचीच्याच एका जुन्या अहवालाची तक्रार पडलेली होती. खाली सही माझी. त्याची चूक त्या तक्रारीवर किती नेमकी बसेल, हे मला एका क्षणात दिसलं. लाज वाटते, पण दिसलं. दोन श्वास मी त्या तक्रारीकडे पाहत राहिले. मग तक्रारीचा कागद त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "बसा. आधी माझी चूक ऐका."

इतकी वर्षं मी धरून चालले होते, की सरांनी ते सगळं आधीपासून ठरवलं असणार, मनात खुन्नस धरली असणार. तसं काही नसावं. चष्मा पुसायला लागला तेवढ्याच वेळात त्यांनाही ते दिसलं असेल. हे कळल्यावर माझा राग निवळायला हवा होता. निवळला नाही, उलट वाढला. कारण तेवढाच वेळ मलाही मिळाला होता, आणि मागे फिरायला तो पुरला.