हिरवं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी जामखेडला आमच्या शेजारी एक पोस्टमन राहायचे. पाणी टँकरनं यायचं, तरी त्यांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत दोन मासे पाळले होते. लोक तोंडावर बोलायचे. ते मिशी पुसत म्हणायचे, "माज्या आंगुळीचं पानी वाचवून घालतुया. वास येत आसंल तर नाक धरा."

त्यांची कोल्हारला बदली झाली, तेव्हा सामानाच्या ट्रकमधून मीही सोबत गेलो. वाटेत पाणी घाण होऊ नये म्हणून माशांना आदल्या दिवसापासून उपास घातला होता. अर्धी भरलेली बरणी फडकं बांधून त्यांनी मांडीवर धरली होती. खड्डा आला की स्वतः आपटायचे, बरणी हलू द्यायचे नाहीत.

कोल्हारला प्रवरेत पाणी होतं. ड्रायव्हरनं बादली भरून आणली. "काका, फेका आता ते हिरवं पानी."

त्यांनी बादलीतलं एक फुलपात्र बरणीत ओतलं. थांबले. मासे नीट पोहताहेत हे बघून मग दुसरं ओतलं. सामान रस्त्यावरच पडलं होतं.

"दुष्काळात ह्याच पान्यानं जगवलंय त्यास्नी," ते वर न बघता म्हणाले. "नदी दिसली म्हनून फेकून दिऊ व्हय?"