अडॅप्टर ताईकडे असायचा

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मी तासभर बोलतो. मित्र मुद्दाम विषय काढतात. पण दर वेळी मी सुरुवात गाळून मधूनच बोलायला लागतो, हे कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. बायकोच्याही नाही. ती गाळलेली सुरुवात आज लिहितो आहे. बोलून दाखवायची हिंमत अजूनही नाही.

आधी खेळांचं सांगतो. तेवढं सोपं आहे.

गोळ्या झाडत पळायचा गेम असतो, त्याला डोकं लागत नाही, बोटं लागतात. त्यात मी चांगला होतो. मारामारीच्या गेममध्ये समोरचा पडला की तो उठायच्या आतच मी पुन्हा मारायचो — खेळाचा नियमच तसा, असं स्वतःला सांगायचो. गाड्यांची शर्यत मी पुढे वर्ध्याच्या एका नेट कॅफेत शिकलो. भिंतीला धडकलं तरी गाडी आपोआप रस्त्यावर येते. माणूस बेफिकीर होतो. गाव वसवायचे, सैन्य उभं करायचे गेम सगळ्यात जीव लावतात. आधी धान्य, मग लाकूड, मग भिंत. मला कधी धीर धरवला नाही. माझी गावं जळायची.

आणि ठोकळ्यांचा गेम. वरून ठोकळे पडतात, फिरवून बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. तो मी खेळत नाही. तो ताईचा.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पडणाऱ्या ठोकळ्याकडे ती बघायचीच नाही. कोपऱ्यात पुढचा ठोकळा दाखवतात, तिची नजर तिथे. "हा तं आलाच बाप्पा, याच्याकडं काय पाहतं? पुढचा पाह्य." मला ते कधी जमलं नाही. तिला सगळंच जमायचं — गणित तर असं, की आमच्या जाम गावातले पोट्टे तिची वही मागायला दारात उभे राहायचे. बारावीला ती चांगल्या मार्कांनी पास झाली. मामांनी तिला बक्षीस म्हणून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम दिला, आणि स्वतःच्या घरी, वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला, राहायला नेलं. ताई वर्ध्याला बी.एस्सी.ला गेली. आमच्या घराण्यात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पहिल्या ग्रॅज्युएटचा मान पुढे माझ्या नावावर लागला.

हायवेच्या चौकात आमचं ताडपत्री-दोरखंडांचं दुकान, मागे घर. मोठ्या काकांना ताईचं वर्ध्याला जाणं पसंत नव्हतं. पोरीची जात, एकटी, मामाच्या भरवशावर — चार गिऱ्हाइकांसमोर ते बाबांना बोलले. बाबांनी ताडपत्री घडी करता करता उत्तर दिलं, "माही पोरगी शब्द मोडत नाई." बस. ताईचं सगळं कॉलेज त्या एका वाक्यावर उभं होतं.

त्या काळी सगळ्यांचा एक ठाम समज होता — व्हिडिओ गेम लावला की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. बाबांचाही होता. म्हणून नियम झाला: गेम फक्त रविवारी, तोही ते घरात असताना. गेमला वीज देणारा अडॅप्टर ताईकडे. ती कॉलेजला असली की तो तिच्यासोबत वर्ध्याला, पेटीत, कुलपात. सुट्टीत आली की स्वयंपाकघरातल्या फळीवर, एका डब्यात. कुलूप का नाही? घरात ती असताना कुलपाची काय गरज?

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. मी नववीत. बाबा माल आणायला हिंगणघाटला गेले होते. आई आणि ताई शेजारी करंज्या करायला. वार रविवार नव्हता. मी डबा उघडला.

इथवर सांगायला काही नाही. कोणता पोट्टा उघडणार नाही?

अर्धा तास खेळलो असेन. टीव्हीतून चट्ट आवाज आला, जळका वास सुटला, आणि सगळं चित्र आडवं मिटून पडद्याच्या मधोमध एक पांढरी रेघ राहिली. अडॅप्टर अजून गरम होता. मी तो पुसून डब्यात ठेवला. पण गेमची वायर टीव्हीमागून काढायची राहिली. बाबा आले, टीव्ही लावून पाहिला, आणि मागची वायर त्यांना दिसली.

"कोणं लावला?"

मी म्हणालो — "ताईनं."

एवढंच. एक शब्द. विचार करून नाही बोललो, पण बोलून झाल्यावर विचार करायला वेळ होता, आणि मी तो केला नाही.

ताई आली, हातांना मैदा लागलेला. बाबांनी तिलाही विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाबा मला कमरेच्या पट्ट्यानं मारायचे. तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. दोन शब्द बोलतील नि विसरतील, असा तिचा हिशेब असणार. "हो, मीच," ती म्हणाली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि पुष्कळ वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मोठे काका आले. बंद टीव्हीकडे बोट करून एकच शब्द बोलले: "पाह्यलं?"

सुट्टी संपायला चौदा दिवस होते. तुम्ही मला त्या एका शब्दासाठी माफ कराल, लहान होता म्हणाल. पण त्या चौदा दिवसांचं काय? बाबांनी आईला सांगितलं होतं, ताई आता घरीच राहील. ते मला ऐकू आलं होतं. ताईलाही. एका सकाळी विहिरीवर तिनं मला विचारलं, "सांगशीन ना रे बाबाले?" मी म्हटलं, "उद्या." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि मी रोज ठरवायचो, आणि रोज पट्टा आठवायचा. पट्टा! तो किती वेळ लागला असता?

कॉलेज सुरू झालं. वर्ध्याची बस चौकातून गेली. तिची पेटी पलंगाखालीच राहिली.

त्यानंतर कुठे टीव्हीचा मेकॅनिक आला. मी बॅटरी धरून उभा. त्यानं मागचं झाकण काढलं. "ट्यूब धडधाकट हाय काकाजी. आतला एक पार्ट गेला. व्होल्टेज वरखाली होऊन राह्यलं न तुमच्या इकडं. गेमनं काई होत नसते." बाबांनी त्या उघड्या टीव्हीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "शब्द मोडला तं मोडलाच न तिनं." त्यांना टीव्हीचं दुःख नव्हतंच कधी. आणि मी बॅटरी धरून होतो. उजेड नीट धर म्हणून मेकॅनिक माझ्यावर ओरडला, तेवढंच.

उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, रोहण्याच्या शेतकरी घरात. माणसं चांगली आहेत. ती सुखात आहे असं सगळे म्हणतात. मी तिला विचारलेलं नाही.

पुढे मी त्याच मामांकडे राहिलो. त्याच खाटेवर झोपलो. बी.एस्सी. झालो. मेहनत केली, खोटं कशाला सांगू, आणि त्या डिग्रीचा मला गर्व आहे — हीच तर लाज. पेढे वाटले तेव्हा बाबा प्रत्येकाला सांगत होते, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. ताई रोहण्याहून आली होती, कडेवर पोरगी. तिनं मला ओवाळलं. कुंकू लावताना तिचा अंगठा कपाळावर जरा जास्त वेळ टेकला, की मला तसं वाटलं?

नोकरी लागली, स्वतःचा कॉम्प्युटर आला, नाना गेम आले. ठोकळ्यांचा सोडून सगळे खेळलो. त्यांबद्दल तुम्हाला वाटेल तेवढं सांगेन.

बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते दीड महिना अंथरुणावर होते, शुद्धीवर होते. पाय चेपायला मी बसायचो. रोज. त्यांच्याशी पावसाबद्दल बोललो, दुकानाबद्दल बोललो.

तेरवीच्या सकाळी ताई मागच्या खोलीत तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "ताई, ते टीव्हीचं... सांगून टाकायचं होतं मले."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"आता कोणाले सांगतं रे?"

मला इतकी वर्षं वाटत होतं, मी तिचं कॉलेज घेतलं. कॉलेज तर घेतलंच. पण चौदा दिवस ती ज्याची वाट पाहत होती, ते दुसरंच होतं. माही पोरगी शब्द मोडत नाई, हे, मी खरं बोललो असतो तर, बाबा पुन्हा एकदा म्हणाले असते. ते न म्हणता गेले. शब्द तिनं मोडला नव्हता. मी मोडला होता.