रुपरावजींचे कान

वाघ दाखवणारे गाईड मी पुष्कळ पाहिले, पण वाघ ऐकणारा एकच, रुपरावजी. नागपूरपासून दोन तासांवर जंगलाचं जे गेट आहे, तिथे बावीस वर्षं ते पर्यटकांच्या जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसत आले. त्याआधी याच जंगलात मोहफुलं वेचायचे. मी नागपुरातल्या नंदनवन भागातला निवृत्त मास्तर, दर मे महिन्यात त्यांच्यासोबतच जायचो. ते हात वर करत, गाडी बंद होई, ते डोळे मिटत आणि जरा वेळाने म्हणत, "सांबर. नाल्यापल्याड." सांबर उगाच ओरडत नाही, वाघाची चाहूल लागली की ओरडतं. आम्ही तिकडे जायचो आणि बहुतेकदा वाघ दिसायचा.

यंदा भाची मिनल सोबत होती. रुपरावजींचं कौतुक सांगून मी तिचे कान किटवले होते. त्यांचा नेहमीचा ड्रायव्हर मधुसूदन दिवाळीत वारला, म्हणून गाडीवर विक्की नावाचा नवा माणूस होता.

पाणवठ्याच्या वळणावर रुपरावजींनी हात वर केला, डोळे मिटले. विक्कीला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची तलफ आली असावी. त्याने त्यांच्या मांडीवर तीनदा थोपटून पुडीसाठी हात पुढे केला. रुपरावजी डोळे न उघडताच म्हणाले, "सांबर. नाल्यापल्याड."

जंगलात पान हलत नव्हतं. मिनल माझ्याकडे पाहू लागली. तरी विक्कीने गाडी नाल्याकडे घेतली आणि अर्धा तास आम्ही तिथे उन्हात भाजत बसलो. मग मागून, जिथून आलो त्या पाणवठ्याकडून, खरोखरच सांबर ओरडायला लागलं, ढाँक, ढाँक. साठी उलटलेल्या मलासुद्धा ते ऐकू आलं. रुपरावजी मात्र नाल्याकडेच बघत होते.

माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. मी त्यांचा खांदा हलवला आणि ठार बहिऱ्याला गाईड कोणी केलं, असं तोंडावर विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना. आम्ही पाणवठ्यावर पोचलो तोवर वाघ गेला होता, आणि दुसऱ्या गाड्यांतले लोक मोबाईलवर त्याचे फोटो बघत होते.

परतताना रुपरावजी मागे वळून बसले.

"तीन सालापासून दूरचं आयकूच येत नाही, मास्तर. मधुसूदन मांडी दाबे. एक डाव चितळ, दोन डाव वांदर, तीन डाव सांबर. जंगल मले पाठ हाय, जागा मी अंदाजानं सांगो. तो गेल्यापासून नुसत्या अंदाजावरच चाललो; आज यानं तीन डाव थोपटलं, त् जुन्या सवयीनं सांबर म्हनून गेलो."

म्हणजे तीन वर्षं मी वाहवा केली ती मधुसूदनच्या कानांची. पण फसवलं गेल्याचा राग मला आला नाही. माझ्या बोलण्याची लाज वाटली, आणि अजून वाटते. गेटवर आम्ही काही बोलणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. विक्कीनेही उद्यापासून मांडी दाबायची तयारी दाखवली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लोकं लांबून वाघासाठी येतात, म्हणाले.

गेटवर त्यांनी छातीवरचा बिल्ला काढून वनखात्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कारण सांगितलं. साहेबांनी दोनदा समजावलं. मग बिल्ला खणात टाकला.

आम्ही आमच्या गाडीत बसणार, तेवढ्यात रुपरावजी मिनलजवळ आले.

"आज सांबर कसं ओरडलं, बेटा? करून दाखवशीन?"

मिनल लाजली. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली. पार्किंगमधली माणसं वळून पाहू लागली, एकदोघे हसलेही. मला त्यांना झोडावंसं वाटलं.

"अजून जोरानं," रुपरावजी म्हणाले.

ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडताना तिला रडू फुटलं. रुपरावजी तिच्या तोंडाशी कान धरून तसेच उभे होते.