अमृतानं तिसऱ्यांदा विचारलं

देवगाव रंगारीच्या कडुबाच्या घरात एक कायदा होता. वडीलधारं माणूस एकदा 'व्हय' म्हणलं की विषय संपला. पुन्हा विचारलं की, "माझ्यावर इश्वास नाय का?" आणि मग दिवसभर तोंड फुगलेलं! याच वळणाची त्याची थोरली पोर अमृता शिकूनसवरून शहरातल्या विमानतळाच्या टॉवरवर विमानांना सूचना देणारी कंट्रोलर व्हायला आली, आणि नेमकी तिथंच अडली. कारण टॉवरचा कायदा बरोब्बर उलटा. पायलटला जे सांगितलं, ते त्यानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नुसतं 'रॉजर', म्हणजे 'मिळालं', चालत नाही. पण खर्जातल्या आवाजाचा एखादा मुरलेला कॅप्टन 'रॉजर' म्हणाला की हिची जीभ टाळूला चिकटायची. बापाच्या वयाच्या माणसाला उलट कसं विचारायचं?

एवढ्यापायी ती पहिल्या परीक्षेत नापास झाली. परीक्षक सोमनाथ सरांनी साफ सांगितलं, "भिडेखातर विमानं आदळतात, बाई. आता एकच संधी. नाही जमलं, तर टॉवर विसर." आणि तिकडं कडुबा 'पोर टॉवरवर लागली' म्हणून गावभर पेढे वाटून मोकळा झालेला!

दुसऱ्या परीक्षेला सर शेजारीच बसले, वेळ पडली तर स्वतः बोलायला बटणावर बोट ठेवून. हैदराबादहून आलेलं विमान उतरायच्या बेतात होतं आणि दिल्लीला निघालेलं धावपट्टीकडं चाललं होतं. अमृतानं दिल्लीवाल्याला बजावलं, "धावपट्टीच्या बाहेर थांबा. आधी एक विमान उतरतंय."

"रॉजर." खर्जातलाच आवाज.

तरी तिनं विचारलं, "कुठं थांबणार, सांगा."

"रॉजर म्हटलं ना, मॅडम!" कॅप्टन खेकसला.

आता काय करावं! तिचे कान तापले. सरांकडं बघितलं, तर त्यांचं बोट बटणावर तसंच, दाबायचं नाव नाही. खाली विमान पुढं सरकतच होतं. मग मात्र भीड गेली चुलीत.

"आहे तिथंच थांबा! आणि मी काय सांगितलं, ते पूर्ण म्हणून दाखवा!"

करकचून ब्रेक लागला. मग चाचरत उत्तर आलं, "धावपट्टीवर जाऊन... उड्डाणासाठी थांबायचं."

"नाही! बाहेर थांबायचं! समोर विमान उतरतंय!"

तेवढ्यात हैदराबादचं विमान त्याच्या नाकासमोरून धडधडत गेलं. दोन्ही विमानं भरल्या गाडीसारखी माणसांनी गच्च होती, एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

थोड्या वेळानं तिनं दिल्लीवाल्याला उड्डाणाची परवानगी दिली. पठ्ठ्यानं शाळेत पाढे म्हणावेत तसा शब्द न् शब्द म्हणून दाखवला आणि वर म्हणाला, "चूक माझी होती, मॅडम. लई उपकार झाले." गडी इकडचाच निघाला की!

सरांनी बटणावरचं बोट काढलं. "ठीक आहे," म्हणाले आणि उठले.

"ठीक आहे म्हणजे काय, सर? पूर्ण सांगा."

सर वळले आणि खो खो हसले. "तू पास झालीस. उद्यापासून इथं एकटीनं बसायचं."

"पास झाले. उद्यापासून इथं एकटीनं बसायचं!" अमृता अशी काही ओरडली की अख्खा टॉवर टाळ्या वाजवायला लागला.